कार्ड कोणाच्या ताब्यात?

तुळशीची लग्नं आटोपली की खाप्यातल्या फोटोवाल्यांची झोप उडते. सावनेर तालुक्यातलं, कन्हानच्या काठचं हे गाव हातमागाच्या कापडासाठी ओळखलं जाई. जवळच गुमगावची मँगनीजची खाण आहे आणि पलीकडे जंगल. लग्नसराईत कार्यालयातली शेवटची पंगत उठते, मांडववाले गाद्या गुंडाळू लागतात, आणि फोटोवाल्याचं जोखमीचं काम तेव्हा सुरू होतं. हळदीपासून पाठवणीपर्यंतचे दोनेक हजार फोटो ३२ बाय २४ मिलिमीटरच्या एका प्लास्टिकच्या तुकड्यात असतात. ते सुखरूप कॉम्प्युटरात उतरवायचे आणि उद्याच्या लग्नासाठी तेच कार्ड रिकामं करायचं. धंद्यात याला ‘कार्ड खाली करणं’ म्हणतात. फोटो काढताना चूक झाली तर एक फोटो जातो, कार्ड खाली करताना झाली तर अख्खं लग्न जातं.

घरगुती कॅमेरेवाल्याची तक्रार वेगळी असते. “भाऊ, वायर लावली, पण कॅमेरा कॉम्प्युटरात दिसूनच नाही राहिला.” यावर वायर काढून परत लावा, कॉम्प्युटर बंद करून चालू करा, दुसऱ्या भोकात लावून पाहा, असे ठरलेले इलाज सांगितले जातात. ते अर्ध्या वेळा लागूही पडतात, पण का लागू पडले हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं. वायर लावल्यावर कॅमेरा आणि कॉम्प्युटर यांच्यात सगळ्यात आधी एका गोष्टीचा निकाल लागावा लागतो: कार्ड आता कोणाच्या ताब्यात? फोटो उतरवण्यातल्या बहुतेक भानगडी या एका प्रश्नापाशी येऊन थांबतात.

रोलच्या जमान्यात हा प्रश्नच नव्हता. रोल कॅमेऱ्यातून काढला की तो लॅबवाल्याचा. धुऊन येईपर्यंत वाट पाहायची, एवढंच आपल्या हाती असे. १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा जुळवला. त्यात साठवणीसाठी चक्क गाण्याची कॅसेट होती. शंभर बाय शंभर ठिपक्यांचा एक काळापांढरा फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. तो पाहायचा तर कॅसेट काढून दुसऱ्या यंत्रात घालायची आणि ते यंत्र टीव्हीला जोडायचं. १९९४ साली ॲपलने ‘क्विकटेक १००’ आणला तेव्हा फोटो सीरियल केबलमधून कॉम्प्युटरात येऊ लागले, तेही गोगलगायीच्या चालीने. सोनीने १९९७ साली यावर रांगडा तोडगा काढला. मॅव्हिका मालिकेच्या कॅमेऱ्यात थेट साडेतीन इंची फ्लॉपी बसवली. फोटो काढा, फ्लॉपी बाहेर ओढा, कॉम्प्युटरात खुपसा. वायर नाही, ड्रायव्हर नाही, सीडी नाही. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर फोटो मोजकेच मावत, पण ताब्याचा प्रश्न त्या कॅमेऱ्याने एका फटक्यात निकालात काढला होता. कोणत्याही एका वेळी फ्लॉपी एकाच यंत्रात असे.

आज आपण वापरतो ती यूएसबीची वायर १९९६ सालची. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक अशा सात कंपन्यांनी मिळून ती ठरवली. त्यात इंटेलमधल्या अजय भट्ट यांचा मोठा वाटा. ते मूळचे बडोद्याचे, महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. त्याआधी प्रिंटरची वायर वेगळी, माउसची वेगळी, मोडेमची वेगळी आणि प्रत्येक नव्या वस्तूसोबत कॉम्प्युटर उघडायची पाळी.

या वायरच्या जुन्या, सर्वसाधारण रूपात आत चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. खोचताना विजेचे पत्रे आधी टेकावेत म्हणून ते माहितीच्या पत्र्यांहून किंचित लांब ठेवलेले असतात. इथेच पहिली मेख आहे. बाजारात मोबाईलसोबत मिळणाऱ्या कितीतरी स्वस्त वायरींत माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. अशा वायरीने बॅटरी चार्ज होते, दिवा लागतो, आणि वायर चांगली आहे असं आपण धरून चालतो. कॅमेरा ‘दिसूनच नाही राहिला’ याचं सगळ्यात साधं कारण हे, आणि सगळ्यात शेवटी लक्षात येणारंही हेच. वायर बदलून पाहिली की पुष्कळदा काम होतं ते यामुळे.

माहितीच्या तारा असतील तर पुढचा संवाद घडतो, आणि त्यात बोलणारा एकटा कॉम्प्युटर असतो. यूएसबीच्या नियमात जोडलेल्या वस्तूने आपणहून तोंड उघडायचं नाही, विचारलं तर सांगायचं. कॅमेरा फक्त एका तारेवर हलका दाब देऊन ‘कोणीतरी आलंय’ एवढं कळवतो. कॉम्प्युटर त्याला एक क्रमांक देतो आणि विचारपूस करतो. कंपनी कोणती? कॅननचा ठरलेला क्रमांक ०४ए९, निकॉनचा ०४बी०. मॉडेल कोणतं? वीज किती लागेल? आणि शेवटी मुद्द्याचा प्रश्न: तू कोणत्या जातीची वस्तू आहेस? या उत्तरावर सगळं ठरतं. कॅमेऱ्याने ‘आठ’ सांगितलं तर तो साठवणीची वस्तू, म्हणजे पेनड्राइव्हचा भाऊबंद. ‘सहा’ सांगितलं तर तो कॅमेरा, कॅमेरा म्हणूनच.

आठ आणि सहा यांतला फरक रेशन दुकानावरून पटकन कळेल. आठ म्हणजे दुकानदाराने गोदामाची किल्लीच तुमच्या हाती देऊन बाहेर उभं राहणं. कुठलं पोतं कुठे ठेवायचं, कुठलं फोडायचं, नोंदवहीत काय लिहायचं, सगळं तुम्ही. सहा म्हणजे दुकानदार काउंटरवर बसलेला. तुम्ही यादी मागायची, त्याने दाखवायची, तुम्ही अमुक क्रमांकाचा माल मागायचा, तो आत जाऊन आणून देणार. गोदामात तुमचं पाऊल पडत नाही.

पहिल्या पद्धतीत कॉम्प्युटरला कार्ड थेट दिसतं. ‘धिस पीसी’मध्ये ई किंवा एफ असा नवा ड्राइव्ह येतो, आणि तेवढ्या वेळापुरता कॅमेरा स्वतः कार्डाला हात लावत नाही. त्याच्या पडद्यावर यूएसबीचं चिन्ह येतं आणि बटणं दाबली तरी तो ढिम्म राहतो. लोकांना वाटतं कॅमेरा अडकला. खरं तर त्याने हात मागे घेतलेला असतो, आणि तो घ्यावाच लागतो. कार्डावर फोटोंसोबत एक नोंदवही असते. कोणती फाईल कुठल्या खणात, कोणता खण रिकामा, हे तिच्यात लिहिलेलं असतं. दोन यंत्रं एकाच वेळी तिच्यात लिहू लागली तर एकाने रिकामा समजलेला खण दुसऱ्याने भरलेला निघेल आणि काही मिनिटांत दोन्ही हिशेब निकामी होतील. कार्डाला मालक एका वेळी एकच हवा.

दुसऱ्या पद्धतीला पीटीपी म्हणतात. फोटो देवाणघेवाणीचा हा ठराव २००० साली छायाचित्रण उद्योगाने केला आणि पुढे तो आयएसओ १५७४० हे आंतरराष्ट्रीय मानक झाला. यात कार्डाची मालकी कॅमेऱ्याकडेच राहते. कॉम्प्युटर विचारतो, तुझ्याकडे काय काय आहे? कॅमेरा प्रत्येक फोटोला एक क्रमांक लावून यादी देतो. कॉम्प्युटर आधी चिमुकले नमुने मागवतो, मग पूर्ण फोटो एकेक करून. म्हणूनच कॅननचे बहुतेक कॅमेरे जोडल्यावर ड्राइव्हचं अक्षर कधीच दिसत नाही, फक्त कॅमेऱ्याचं चित्र दिसतं. ‘ई ड्राइव्ह येत नाही, कॅमेरा बिघडला’ म्हणून तो दुरुस्तीला नेऊ नये. विंडोजमध्ये ‘फोटोज’मधलं ‘इम्पोर्ट’, मॅकवर ‘इमेज कॅप्चर’, लिनक्सवर जीफोटो यांना ही बोली येते. काही कॅमेऱ्यांत, उदाहरणार्थ सोनीच्या आणि निकॉनच्या जुन्या मॉडेलांत, दोन्हींपैकी एक निवडण्याची सोय मेन्यूत आहे. कॅमेरा दिसत नसेल तर वायर तपासल्यावर दुसरी नजर या मेन्यूवर टाकावी, आणि तिसरी कॅमेऱ्याच्या बॅटरीवर. बॅटरी उतरत आली की कॅमेरा वायर लावलेली असतानाही झोपतो.

मोबाईलवाल्यांनी ही ताब्याची भानगड स्वतः सोसलेली आहे, फक्त तिचं नाव ठाऊक नव्हतं. २०१०-११च्या सुमाराच्या अँड्रॉइड फोनवर वायर लावल्यावर ‘यूएसबी स्टोरेज चालू करा’ असं बटण यायचं. ते दाबलं की फोनमधली गाणी गायब, गॅलरी रिकामी, कधीकधी रिंगटोनही बदललेली. कार्ड कॉम्प्युटरच्या ताब्यात गेलेलं असे आणि फोन रिकाम्या हाताने बसलेला. पुढच्या अँड्रॉइडने पीटीपीचाच विस्तार असलेली एमटीपी पद्धत उचलली आणि किल्ली फोनकडेच ठेवली. आता फोन जोडल्यावर तो आधी फक्त चार्ज होतो. वरून खाली पट्टी ओढून ‘फाईल ट्रान्सफर’ निवडलं तरच फोटो दिसतात. आयफोन तर संगणकापुढे सरळ कॅमेरा म्हणूनच उभा राहतो आणि ‘या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का’ असं विचारून परवानगी मिळेपर्यंत काही दाखवत नाही.

आता वायर ओढून काढण्याबद्दल. गोदामाची किल्ली कॉम्प्युटरकडे असताना तो नोंदवहीतले बदल दर वेळी लगेच कार्डावर लिहितोच असं नाही. काही बदल तो स्वतःच्या स्मरणात साठवतो आणि सवडीने उतरवतो. ‘सेफली रिमूव्ह’ म्हणजे राहिलेलं सगळं लिही आणि हिशेब बंद कर, असा निरोप. विंडोजने २०१८ पासून काढता येणाऱ्या ड्राइव्हसाठी हा उधारीचा हिशेब मुळातच कमी केला. त्यामुळे आता नुसतं ओढलं तरी बहुधा काही होत नाही. पण हे ‘बहुधा’ दुसऱ्याच्या लेकीच्या लग्नाच्या फोटोंवर का आजमावावं? कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत असताना कार्ड काढणं तर त्याहून वाईट. तेव्हा कॅमेरा स्वतः नोंदवहीत लिहीत असतो, आणि अर्धवट लिहिलेलं पान म्हणजेच ‘कार्ड करप्ट झालं’.

याच कारणाने ‘कट’ करून ‘पेस्ट’ करणं मला अजिबात पटत नाही, मग ते कितीही सुटसुटीत वाटो. कटमध्ये उतरवणं आणि पुसणं ही दोन कामं एका हुकुमात बांधलेली असतात. मध्ये लाइट गेली, वायर हलली, किंवा हार्ड डिस्कवर जागा संपली, तर काय उतरलं आणि काय पुसलं याचा हिशेब लावत बसावं लागतं. आधी फक्त कॉपी मारावी. मग दोन्हीकडे फाईलींची संख्या आणि एकूण आकार जुळवून पाहावा. मग सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे काही फोटो पूर्ण मोठे करून उघडावेत, कारण नमुन्याचं चिमुकलं चित्र शाबूत दिसलं तरी आतला फोटो खालच्या अर्ध्यात करडा निघू शकतो. कॉपी दुसऱ्या डिस्कवरही झाली की मगच कार्ड पुसावं. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा ३-२-१चा नेम अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केला. खाप्यासारख्या गावात तिसरी प्रत ठेवायला इंटरनेटच हवं असं नाही. नातेवाइकाच्या घरची एक हार्ड डिस्कही चालते.

वेगाचं गणित एकदा मांडून पाहण्याजोगं आहे. दोन हजार फोटो, रॉ स्वरूपातले, प्रत्येकी सुमारे २५ एमबी धरले तर ५० जीबी होतात. यूएसबी २.० ही २००० सालची पद्धत कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट देते. प्रत्यक्षात ३० एमबीच्या आसपास हाती लागतात, म्हणजे अर्ध्या तासाच्या थोडं आत काम आटोपतं. १९९६ची पहिली यूएसबी सेकंदाला जेमतेम एक एमबी देई. तिच्यावर हेच काम चौदा तास चाललं असतं. आणि क्विकटेकच्या काळातल्या सीरियल पोर्टला १,१५,२०० बिटांचा चांगला वेग मिळाला असं धरलं तरी पन्नास दिवस. तोवर नवरी माहेरपणालाही येऊन गेली असती. दुसऱ्या टोकाला, २००८ साली आलेल्या यूएसबी ३.०चा कार्ड रीडर आणि सेकंदाला ९० एमबी देणारं कार्ड असेल तर दहा मिनिटांच्या आत कार्ड खाली होतं.

म्हणून कार्ड रीडर घ्या, असं मी ज्याला त्याला सांगतो. काहीशे रुपयांची ती वस्तू आहे. कॅमेऱ्याची बॅटरी उतरत नाही, कॅमेऱ्याचं नाजूक भोक सैल होत नाही (मिनी यूएसबीचं भोक एकदा सैल झालं की दुरुस्तीवाला अख्खा बोर्ड बदलायला सांगतो), आणि मधला कॅमेरा हटल्यामुळे ताब्याचा प्रश्न सोनीच्या फ्लॉपीसारखा पुन्हा सरळ होतो. कार्ड एक तर इथे, नाही तर तिथे. वायफायने फोटो पाठवणारे कॅमेरे आहेत. दोनचार फोटो लगेच मोबाईलवर घेऊन ‘स्टेटस’ला टाकायला ते झकास, पण ५० जीबी वायफायने आणत बसणारा फोटोवाला माझ्या पाहण्यात नाही. व्हॉट्सॲपवरून ‘मागवून घेण्याचा’ मोह तर टाळावाच. तिथे फोटो दाबून लहान केला जातो आणि त्यातली तारीख, वेळ, कॅमेऱ्याची माहिती गळून पडते.

कार्ड दुसऱ्याच्या रीडरमध्ये घालण्याला मात्र एक पथ्य आहे. फोटोच्या दुकानातल्या कॉम्प्युटरात दिवसभरात पन्नास जणांचे पेनड्राइव्ह लागतात, आणि तिथून शॉर्टकट व्हायरस घरी आणणं सोपं. प्रिंट काढायला कार्ड देताना त्याच्या डाव्या कडेची बारीक खिट्टी ‘लॉक’वर ओढावी. मात्र ही खिट्टी म्हणजे नुसता प्लास्टिकचा तुकडा आहे, कार्डाच्या आतल्या चिपला तिचा पत्ताही नसतो. रीडरमधलं एक बटण ती चाचपतं आणि कॉम्प्युटरला ‘लिहू नको’ म्हणतं. त्याने ऐकलं तर बरं. महत्त्वाचं कार्ड देण्यापेक्षा निवडक फोटो स्वस्तातल्या पेनड्राइव्हवर टाकून देणं केव्हाही शहाणपणाचं.

कार्ड उघडलं की आत ‘डीसीआयएम’ नावाचा फोल्डर दिसतो. कॅनन असो, निकॉन असो की मोबाईल, हे नाव सगळीकडे एकच, कारण १९९८ साली जपानी उद्योगाने कॅमेऱ्यांच्या फाईल मांडणीचा एक नियम ठरवला आणि जगाने तो पाळला. डीसीआयएमच्या पोटात १०० ते ९९९ या आकड्याने सुरू होणारे फोल्डर. त्यांत चार अक्षरं आणि चार आकडे अशा नावाच्या फाईली, आकडा ०००१ पासून ९९९९ पर्यंत. त्यानंतर परत ०००१. दहा हजारावा फोटो काढणाऱ्याकडे म्हणूनच एका नावाचे दोन फोटो असतात. एकाच लग्नात एकाच कंपनीचे कॅमेरे घेऊन दोघे भाऊ उभे असतील तर पहिल्याच दिवशी असतात. दोन्ही कार्डं एका फोल्डरात ओतली की विंडोज विचारतं, ‘याच नावाच्या फाईली आहेत, बदलू का?’ रात्री एक वाजता, डोळे मिटत असताना, माणूस ‘हो’ दाबतो. धाकट्याने टिपलेली नवरीकडची हळद मोठ्याच्या फोटोंवर चढून बसते. प्रत्येक कार्डाला वेगळा फोल्डर, त्याच्या नावात तारीख आणि कॅमेऱ्याची खूण, एवढ्याने हा धोका टळतो.

हीच शिस्त खाप्याच्या पलीकडच्या जंगलात सरकारी कामात पाळावी लागते. नागपूर वनविभागाचं खापा हे एक वनपरिक्षेत्र, आणि त्याच जिल्ह्यात पेंच व्याघ्र प्रकल्प. वाघांच्या मोजणीत पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात आणि ओळख पटवायला दोन्ही लागतात. अंगाची ऊब हलली की कॅमेऱ्याचा खटका उडतो. वाघ असो, गाय असो की सरपण आणायला निघालेली बाई. २०१८च्या देशव्यापी गणनेत असे कॅमेरे २६,८३८ ठिकाणी बसवले गेले आणि त्यांनी ३,४८,५८,६२३ फोटो काढले. त्यांत वाघाचे ७६,६५१ आणि बिबट्याचे ५१,७७७. म्हणजे सुमारे साडेचारशे फोटोंमागे एक वाघ. ही गणना जगातलं सर्वांत मोठं कॅमेरा सर्वेक्षण म्हणून गिनीज बुकात नोंदली गेली आणि वर्तमानपत्रांनी वाघांचा आकडा मोठ्या अक्षरात छापला. पण ते साडेतीन कोटी फोटो कोणीतरी कार्डांतून उतरवले होते, याची बातमी कुठे झाली नाही.

जंगलातल्या कॅमेऱ्याला वायर लावून लॅपटॉप उघडून बसणं सोयीचं नसतं. भरलेलं कार्ड काढायचं, रिकामं घालायचं, आणि पुढच्या झाडाकडे निघायचं. एका जातीचे कॅमेरे सगळीकडे असले की प्रत्येक कार्डातल्या फाईलींची नावं तीच ती. कार्डावर ठिकाणाची खूण नसली, किंवा कार्यालयात दोन कार्डं एका फोल्डरात गेली, तर एका नाल्यावरचा वाघ दुसऱ्या पहाडीवर नोंदला जाईल. फोटो शाबूत असूनही पुरावा खोटा होईल. नावाइतकंच घड्याळ महत्त्वाचं. प्रत्येक फोटोच्या पोटात एक्झिफ नावाचं टिपण असतं. १९९५ साली ठरलेली ही पद्धत कॅमेरा, भिंग, तारीख आणि वेळ नोंदवते, पण वेळ म्हणजे कॅमेऱ्याच्या घड्याळात असेल ती. समोरासमोरच्या दोन कॅमेऱ्यांची घड्याळं जुळलेली नसतील तर डावी आणि उजवी कूस एकाच वाघाची हे ठरवणं अवघड होऊन बसतं.

लग्नातही तेच घडतं, फक्त वाघाऐवजी नवरदेव. दोन कॅमेऱ्यांचे फोटो वेळेच्या क्रमाने लावले आणि एका घड्याळात तासाभराचा फरक असला, तर नवरदेव मारुतीच्या देवळात पोचायच्या आतच मंगलाष्टकं आटोपलेली दिसतात. ‘करिझ्मा’ अल्बम लावणारा पोरगा मग रात्रभर फोटो मागेपुढे सरकवत बसतो. निघण्याआधी दोन्ही घड्याळं मिळवायला अर्धं मिनिट लागतं.

कॉम्प्युटरवर फोटो सुखरूप असल्याची खात्री झाल्यावर कार्ड पुसायचं ते कॅमेऱ्यातच, ‘फॉरमॅट’ मारून. कॉम्प्युटरवर एकेक फाईल डिलीट करू नये. फॉरमॅट म्हणजे नवी कोरी नोंदवही. कॅमेरा ती आपल्या सोयीने आखतो, डीसीआयएम स्वतः मांडतो, आणि आधीच्या अर्धवट नोंदींचा गाळ राहत नाही. २ जीबीच्या वरच्या, ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर ही वही एफएटी३२ पद्धतीची असते आणि तिच्यात एका फाईलीला ४ जीबीची मर्यादा आहे. लांब व्हिडिओचे कॅमेरा आपोआप तुकडे करतो ते यामुळे. एक तुकडा विसरून कॉपी केली की सप्तपदीतली तीन पावलं गायब.

फॉरमॅटने किंवा डिलीटने फोटो लगेच मिटत मात्र नाही. एफएटीच्या नोंदवहीत डिलीट म्हणजे नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक खूण करणं आणि खण मोकळा असल्याचं लिहिणं. खणातला फोटो त्याच्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत पडून असतो. चुकून कार्ड पुसलं गेलं तर करायची गोष्ट एकच: त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढायचा नाही. मग फोटोरेकसारखा मोफत प्रोग्राम नोंदवहीकडे न बघता थेट खणच चाळतो. जेपेग फाईलीची सुरुवात ठरावीक बाइटांनी होते, ती खूण धरून तो एकेक फोटो वेचून काढतो. नावं परत मिळत नाहीत, फोटो मिळतात. फुकटात. हे काम करून देण्याचे काही दुकानं चांगले पैसे घेतात. रीडर खराब नसेल आणि कार्ड कॉम्प्युटराला दिसत असेल तर आधी घरी करून पाहायला हरकत नाही, फक्त परत आणलेले फोटो त्याच कार्डावर साठवायचे नाहीत.

राहता राहिले कपाटातले जुने कॅमेरे. २००३ ते २०१०च्या दरम्यान घेतलेला छोटा डिजिटल कॅमेरा पुष्कळ घरांत पडून आहे. वायर हरवलेली, चार्जर कुठे गेला ठाऊक नाही, आणि आत पोरांच्या बारशाचे फोटो. फ्लॅश चिपमध्ये फोटो म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेला विद्युतभार. तो वर्षानुवर्षांत हळूहळू गळतो, म्हणून हे काम फार लांबवू नये. त्या कॅमेऱ्यांच्या वायरी दिसायला सारख्या आणि टोकाला वेगळ्या असत. निकॉनच्या छोट्या कॅमेऱ्यांची आठ पत्र्यांची पिन मिनी यूएसबीची सख्खी बहीण वाटते, पण एकमेकींत जात नाही. दाबून घालू नये. कार्डही नेहमी एसडीच असेल असं नाही. सोनीची मेमरी स्टिक असेल, ऑलिम्पस आणि फुजीफिल्मचं एक्सडी असेल. या सगळ्यांना खाचा असलेले बहुपयोगी रीडर अजून मिळतात. उलट बाजूने, त्या काळातला जुना रीडर आजच्या एसडी कार्डाला ओळखणार नाही. २ जीबीच्या वरची एसडीएचसी पद्धत २००६ साली आली आणि तिच्याआधीच्या रीडरला ती वाचता येत नाही.

रीडरमध्ये घातलेल्या कार्डात दोनचारच फोटो निघाले आणि घरच्यांना तर सबंध बारसं आठवतंय, तर कार्डाला दोष देण्याआधी कॅमेऱ्याच्या मेन्यूत ‘इंटर्नल मेमरी’ शोधावी. त्या पिढीतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत दहावीस एमबीची साठवण आतच सोल्डर केलेली असे. कार्ड घातलं नसेल तर फोटो गुपचूप तिथे जात, आणि कार्ड घातलं की ते दिसेनासे होत. ती चिप बाहेर काढता येत नाही, रीडरला ती कळत नाही. काही मॉडेलांत आतले फोटो कार्डावर कॉपी करण्याचा पर्याय असतो. तो नसेल तर कार्ड काढून ठेवायचं, बॅटरीची जुळवाजुळव करायची, आणि त्या मॉडेलची मूळ वायर शोधून कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायचा.